पावण्यांपुढचा गुरुसिद्ध

"तुमची सही चालत नाही," खिडकीतली बाई म्हणाली आणि तिनं फॉर्म परत सरकवला.

रत्नव्वानं तो पुन्हा आत ढकलला. "मी आई हाय त्येची."

"दिसतंय की. पण पेशंट तेवीस वर्षांचा आहे. सज्ञान माणसाचं ऑपरेशन त्याच्या स्वतःच्या सहीनं होतं."

"त्येला कळत न्हाय, बाई. कार्ड बघा. पंच्याहत्तर टक्के लिवलंय."

"मग कायदेशीर पालकाचा दाखला आणा."

"आईला आई असल्याचा दाखला?"

"आईचा नव्हे हो, पालकाचा. अठरा पुरी झाली की कायद्यात आई म्हणजे नुसती नातेवाईक. सरका बाजूला. पुढचे या."

रत्नव्वाच्या शेजारी तिचा गुरुसिद्ध उभा होता. उंचापुरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. रांगेतल्या एकेकाला तो हात जोडून, लिंगायतांत नमस्काराला म्हणतात तसं, "शरणार्थ" म्हणत होता. कुणी उत्तर दिलं नाही तरी तो पुढच्याकडं वळत होता. त्याच्या पित्ताच्या पिशवीत खडे होते. एकदा सूज येऊन, ताप येऊन, चार दिवस सलाईनवर काढून झाले होते. डॉक्टरनं रत्नव्वाला साफ सांगितलं होतं, औषधानं आत्ता दबलंय, पण दोन महिन्यांच्या आत पिशवी काढून टाका. आत फुटली तर पोरगं हातचं जाईल.

आणि आता ही बाई म्हणत होती, तू नुसती नातेवाईक.

मंगळवार पेठेत रत्नव्वाचं मिरचीचं कांडप होतं. नवरा राजशेखर गेल्यापासून अकरा वर्षं ती एकटी चालवत होती. अर्ध्या पेठेची चटणी तिच्या यंत्राखालून जायची. तोंडाला फडकं बांधून, डोळे चोळत, बायकांच्या रांगेवर ओरडत तिनं पोरगी उजवली होती आणि हा पोरगा सांभाळला होता. कुणाच्या दारात ती कधी उभी राहिली नव्हती. आता समितीच्या दारात उभी राहिली.

समितीचं नाव पालकत्व समिती. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. अपंगांची कामं होतात तिथं लिफ्ट बंद असते, हे काय कुणाला नवीन नाही. टेबलामागं गणपतराव नावाचा कारकून बसलेला. त्यानं अर्ज उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला.

"पूर्वी सोपं हुतं मावशी," तो म्हणाला. "कागद दिला की दाखला. आता नवा कायदा आलाय. दिव्यांग म्हणायचं, अपंग न्हाई म्हणायचं. आणि दिव्यांग माणसाचा हक्क असा कुणाच्याबी हातात देता येत न्हाई. घरला येऊन चौकशी हुणार, मग अहवाल, मग बैठक."

"बैठक कवा हाय?"

"तीन म्हैन्यांतनं एकदा."

"तीन म्हैने पोट थांबतंय व्हय?"

"अर्ज थांबतोय की," गणपतराव म्हणाला आणि आपल्याच विनोदावर हसला.

रत्नव्वा हसली नाही. तिनं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि त्याच्या तोंडासमोर तोंड नेलं. "तुज्या पोटात खडा झाला तर मी बघणार हाय, किती दीस थांबतोस त्ये. चौकशीला आठ दिवसांत मानूस धाड. न्हाईतर मी पोराला घिऊन हितंच येऊन ऱ्हाते. त्येला तासातासाला मुतायला लागतंय, ध्यानात ठेव."

आठव्या दिवशी फोन आला. उद्या अकरा वाजता मॅडम घरी येतील.

*

इथं रत्नव्वानं जे केलं, ते शहाण्या माणसाला वेडेपणाचं वाटेल. पण त्याच्या मागं नऊ वर्षांचं दुखणं होतं.

नऊ वर्षांपूर्वी तिच्या अनुजाला बघायला कुरुंदवाडाकडचे पावणे आले होते. माणसं तालेवार, ऊसवाली. बैठक रंगात आली आणि चौदा वर्षांचा गुरुसिद्ध आतल्या खोलीतनं चड्डीशिवाय बाहेर आला आणि मुलाच्या बापाच्या मांडीवर जाऊन बसला. पावण्यांनी चहा संपवला. कळवतो म्हणाले. त्यांनी कळवलं नाही, पण पेठेत सगळ्यांना कळलं.

त्या दिवसापासून रत्नव्वानं पोराला घासायला घेतला. पावणे आले की हात जोडायचे, शरणार्थ म्हणायचं. गुडघ्यावर हात ठेवून बसायचं. तीन गोष्टी पावणे विचारतात, त्यांची तीन उत्तरं. मग वही मागवायची आणि सही करून दाखवायची. दोन वर्षं रोज संध्याकाळी कांडप बंद झालं की ही शाळा. मारलंही तिनं. पुढं तिसऱ्या ठिकाणच्या पावण्यांपुढं गुरुसिद्धनं सगळं बिनचूक केलं, आणि जाताना मुलाची आत्या म्हणाली, "पोरगा जरा मंद हाय, पर वळण काय सुरेख हाय!" अनुजाचं ठरलं. त्या एका वाक्यावर रत्नव्वा आजवर जगत होती.

म्हणून फोन आल्यावर तिनं घर धुवून काढलं. गुरुसिद्धच्या गादीवरचं रबरी कापड काढून माळ्यावर टाकलं. मोठ्या माणसांचे लंगोट येतात त्याचं पुडकं पिंपामागं दडवलं. न्हाणीच्या दाराला बाहेरून कडी होती. तो भिंतीवर डोकं आपटायला लागला की त्याला आत ठेवायला तिनंच बसवून घेतलेली. त्या कडीवर तिनं टॉवेल टाकला.

बाळाबाई हे सगळं बघत होती. बाळाबाई कांडपावर तेरा वर्षं कामाला, रत्नव्वापेक्षा वयानं मोठी, आणि तिच्या तोंडाला झाकण नव्हतं.

"रत्नव्वा, डोस्कं फिरलंय काय तुजं? हे पावणं पोरगी बघाय येणार न्हाईत. ह्यांस्नी कडी दाव. रबर दाव. त्यो मिरचीचं हात डोळ्याला लावून कसा बोंबलतोय त्ये दाव."

"दावीन की."

"टावेल टाकून व्हय?"

"बाळाबाई, माज्या पोराला मी कडी घालून ठेवते, हे परक्या बाईला दावू? कागदावर लिवून घिऊ दे तिला? उद्या अनुजाच्या सासरी कळलं म्हंजे?"

"कळू दे. तिला दोन पोरं झाली आता. तुजं पोरगं मरालंय आणि तू शिरा भाजालीस!"

शिरा खरंच भाजून होत आला होता, तुपाचा. रत्नव्वानं गॅस बारीक केला आणि बाळाबाईला कांडपावर हाकलली.

आलेली मॅडम चोवीस-पंचवीसची पोरगी निघाली. नाव रक्षिता. स्कूटीवरून आली, चप्पल बाहेर काढली, फाईल छातीशी धरून आत आली. गुरुसिद्धनं हात जोडले. "शरणार्थ."

"शरणार्थ," ती चटकन म्हणाली आणि हसली.

आपल्यातलीच पोरगी! एखाद्या परक्या जातीच्या मॅडमला रत्नव्वानं कदाचित कडी दाखवलीही असती. आपल्यातल्या पोरीला कसली दाखवते? ती उद्या मठात भेटेल, लग्नात भेटेल.

"नाव काय तुझं?" मॅडमनं विचारलं.

"गुरुसिद्ध राजशेखर हुक्केरी."

"कुठं राहतोस?"

"मंगळवार पेठ, कोल्हापूर."

"आईचं नाव?"

"रत्नव्वा."

मग त्यानं स्वतःच वही पुढं ओढली आणि जीभ ओठात धरून, ओळीवर ओळ बसवून सही केली. खाली दोन रेघा मारल्या. मॅडम कौतुकानं बघत राहिली.

"आंघोळ, जेवण स्वतः करतो?"

"समदं स्वताचं स्वता करतोय," रत्नव्वा म्हणाली.

"घरी एकटा राहू शकतो?"

"ऱ्हातोय की. मी कांडपावर असतीया, त्यो हितं."

"दुकानात मदत?"

"गिऱ्हाईकाचं डबं त्योच बघतोय."

डबे तो बघायचा, हे खरंच होतं. झाकण उघडून आत बघायचा आणि झाकण लावायचा. दिवसभर तेच करायचा.

मॅडमनं शिरा दोनदा घेतला. उठताना म्हणाली, "मावशी, खरं सांगू? इतकं छान वाढवलेलं मूल मी आजवर बघितलं नाही." पंचवीस मिनिटांत ती गेलीसुद्धा. न्हाणीकडं ती फिरकली नाही. दुपारी बाळाबाईनं काय झालं विचारलं, तेव्हा रत्नव्वा हवेत होती. "लई नावाजलं बघ," ती म्हणाली. बाळाबाईनं यंत्राचं बटण दाबलं आणि त्या धडधडीत तोंडातल्या तोंडात जी शिवी दिली, ती कुणालाच ऐकू गेली नाही.

*

पत्र अठरा दिवसांनी आलं, बैठकीची वाट न बघताच. रत्नव्वानं ते चष्मा लावून कांडपाच्या पायरीवर वाचलं.

"सदर व्यक्ती प्रश्न समजून घेऊन योग्य उत्तरे देते, स्वाक्षरी करते, दैनंदिन व्यवहार स्वतंत्रपणे करते व व्यवसायात साहाय्य करते. सबब सदर व्यक्ती स्वतःचे निर्णय स्वतः घेण्यास सक्षम असून पालक नेमण्याची आवश्यकता दिसून येत नाही. अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

आणि घडलं ते असं, की पहिल्यांदा रत्नव्वाला आनंद झाला. सक्षम! सरकारी शिक्क्याखाली, तिच्या पोराच्या नावापुढं! एवढा एकच क्षण. मग शेवटची ओळ तिच्या डोक्यात शिरली आणि ती पायरीवरच बसून राहिली. समोर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका "काय झालं गं?" म्हणत होत्या. तिला तोंड उघडायची लाज वाटत होती.

तीन दिवसांनी, भर दुपारी, गुरुसिद्ध पोट धरून डब्यांच्या रांगेत आडवा झाला. ओरडला नाही. स्वतःचा दंड चावत राहिला, रक्त येईपर्यंत. बाळाबाईनं रिक्षा आणली. दोघींनी त्याला उचलून आत घातला.

दवाखान्यात पुन्हा सलाईन, पुन्हा इंजेक्शनं. दुसऱ्या दिवशी ताप उतरल्यावर तोच डॉक्टर आला. तरुण माणूस, झोप न झालेला. रत्नव्वानं पत्र पुढं केलं. त्यानं ते वाचलं.

"सक्षम आहे म्हणतात ना? मग त्यालाच विचारतो." तो गुरुसिद्धकडं वळला. "गुरुसिद्ध, तुझ्या पोटाचं ऑपरेशन करायचंय. करू?"

गुरुसिद्धनं हात जोडले. "गुरुसिद्ध राजशेखर हुक्केरी," तो म्हणाला.

डॉक्टरनं पेन खिशाला लावलं. "मावशी, याला काही समजलेलं नाही. अशा माणसाची सही घेऊन मी पोट उघडलं, तर उद्या मलाच कोर्टात उभं करतील."

"तुमी म्हंतासा ह्येला कळत न्हाय. त्ये म्हंत्यात कळतंय. मग माज्या पोरानं मरायचं कुनाच्या सहीनं?"

"पिशवी फुटली तर सही लागणार नाही. जीव वाचवायला आम्ही थेट आत घेऊ."

"म्हंजे फुटायची वाट बघायची?"

डॉक्टरनं केसपेपर चाळला. "पंधरा दिवस," तो शेवटी म्हणाला. "त्याच्यापुढं मी काही सांगू शकत नाही."

तिथं पोराच्या पलंगाशी उभ्या उभ्या रत्नव्वाला एक गोष्ट लख्ख कळली. दवाखाना आपली चामडी वाचवतोय, समिती आपला कागद वाचवतेय. आणि तिनं काय वाचवलं होतं? पावण्यांपुढची अब्रू. तिघांनी मिळून पोराला कोपऱ्यात दाबला होता, आणि पहिला हात तिचा होता.

*

दवाखान्यानं पोराला घरी सोडलं त्याच आठवड्यात, गुरुवारी, समितीची ती तीन महिन्यांची बैठक होती. गणपतराव म्हणाला, विषयपत्रिका भरलीय, निकाली काढलेला अर्ज परत घेता येत न्हाई, अपील करा, साठ दिवस. रत्नव्वानं ऐकून घेतलं आणि बैठकीच्या खोलीच्या उंबऱ्यात पोराला घेऊन मांडी घालून बसली. आत जायचं तर तिला ओलांडूनच जावं लागत होतं. दोन सदस्य ओलांडून गेले. तिसरे डेप्युटी साहेब, समितीचे अध्यक्ष. ते थांबले.

"कोण बाई आहेत या?"

"शरणार्थ," गुरुसिद्ध म्हणाला.

"हुक्केरी प्रकरण, सर," गणपतराव म्हणाला. "सक्षम निघालेलं."

"दहा मिनिटं," साहेब म्हणाले. "आत या."

आत लांब टेबल, बिस्किटांच्या बश्या. एक खुर्ची मोकळी होती. समितीत एक सदस्य स्वतः दिव्यांग असावा असा नियम आहे आणि ती जागा वर्षभर भरलेली नव्हती. कोपऱ्यात रक्षिता मॅडम फाईल घेऊन बसलेली.

साहेबांनी आवाज मऊ केला. "हे बघा, हा कायदा तुमच्याच मुलाच्या भल्यासाठी आहे. पूर्वी नातेवाईक पालक व्हायचे आणि अशा मुलांचं सगळं गिळायचे. आता कायदा म्हणतो, प्रत्येकाला स्वतःचा निर्णय घेता येतो असं धरून चाला. अडलं तर मदत द्या. मदतीनंही जमलं नाही, तरच पालक."

"चांगला हाय कायदा," रत्नव्वा म्हणाली.

साहेब चपापले. भांडण येईल असं त्यांना वाटलं होतं.

"खरंच चांगला हाय. माज्या चुलतदिरानं त्याच्या मुक्या भैनीचा अंगठा घिऊन तिचा वाटा खाल्ला. तवाच ह्यो कायदा असता तर बरं झालं असतं. पर साहेब, मदत द्या म्हणून लिवलंय न्हवं त्यात? तेवीस वर्षांत माज्या दारात मदत द्याय कोन आलं? एक पोरगी आली. पंचवीस मिनिटं बसली. शिरा खाऊन गेली."

रक्षिताचे कान लाल झाले. "मावशी, तुम्हीच सांगितलंत, सगळं स्वतः करतो म्हणून. मी बघितलं ते आणि तुम्ही सांगितलं ते लिहिलं."

"व्हय. मी खोटं बोलले." रत्नव्वानं आवाज खाली केला नाही. "माज्या न्हाणीला भाईरनं कडी हाय. त्येच्यावर मी टावेल टाकलेला. ह्येला मी अजून पुसते, धुते. रात्री अंथरुणात करतोय. गल्लीच्या तोंडाला सोडला तर घर घावत न्हाय. दोन वर्साखाली यंत्रात हात घालत हुता, बाळाबाईनं दंडाला धरून वडला. हे मी आजवर माज्या जावयाला सांगितलं न्हाय. आज तुमास्नी सांगालीय, बिस्किटं खाणाऱ्या सात मानसांस्नी. लिवून घ्या."

गुरुसिद्ध आईकडं बघत होता. शब्द त्याला कळत नव्हते, पण हा आवाज त्याला ठाऊक होता. आपलं काहीतरी चुकलं की आई या आवाजात बोलते. त्यानं पटकन हात गुडघ्यावर ठेवले, पाठ ताठ केली.

"पण तो उत्तरं देतो," फोन चाळत बसलेला एक सदस्य म्हणाला. "अहवालात आहे."

"उलटी इचारा."

"म्हणजे?"

"मॅडमनं नाव, गाव, आई, असं इचारलं. तुमी खालनं वर इचारा."

सदस्यानं खांदे उडवले. "बरं. गुरुसिद्ध, तुझ्या आईचं नाव काय?"

"गुरुसिद्ध राजशेखर हुक्केरी."

"कुठं राहतोस?"

"मंगळवार पेठ, कोल्हापूर."

"हे बरोबर आलं की!"

"मधलं हाय त्ये, वरनं मोजा न्हाईतर खालनं. आता नाव इचारा."

"तुझं नाव काय?"

"रत्नव्वा."

गणपतराव फिस्सकन हसला. बाकी कुणी हसलं नाही. शाब्बासही कुणी म्हणालं नाही, आणि गुरुसिद्धला तीच अडचण पडली. पावणे उत्तर ऐकून मान हलवतात. हे हलवत नव्हते. म्हणून त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं. "शरणार्थ! गुरुसिद्ध राजशेखर हुक्केरी! मंगळवार पेठ..."

रत्नव्वाला वाटलं, इथंच उठावं आणि पोराला घेऊन जावं. पण ती उठली नाही. तिनं गणपतरावासमोरचा कोरा कागद ओढला, त्याच्याच पेनानं त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि कागद पोरापुढं ठेवला.

"सिद्धू, सही."

त्याचा चेहरा उजळला. हे त्याला येत होतं. जीभ ओठात धरून त्यानं एकेक अक्षर बसवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि मान वर केली.

"शाब्बास," रत्नव्वा म्हणाली. म्हणावंच लागलं, त्याचं काय चुकलं होतं? तिनं कागद टेबलावरून साहेबांपुढं लोटला.

साहेबांनी वाचला. "माझे पोट फाडा. परत शिवू नका. गुरुसिद्ध राजशेखर हुक्केरी."

"ही काय चेष्टा आहे, बाई?"

"चेष्टा न्हवं. सक्षम मानसाची सही हाय. तुमच्याच शिक्क्यानं सक्षम. करा की अंमल. द्या दवाखान्याला धाडून!"

"बाई, साहेबांशी नीट बोला," गणपतराव म्हणाला.

"तू गप बस. तुजा अर्ज थांबतोय."

मग साहेबांनी कागद पालथा घातला आणि रक्षिताकडं न बघता म्हणाले, "सुधारित अहवाल आत्ता, इथं बसून लिहा."

ती लिहायला लागली. मधेच मान वर न करता तिनं विचारलं, "कडी किती वर्षांपासून आहे?"

"सा वर्सं."

"मला तेव्हाच दाखवायची होती, मावशी."

"तुला बघायची हुती," रत्नव्वा म्हणाली.

दाखला मिळाला तो मर्यादित पालकत्वाचा. फक्त पोटाच्या या उपचारापुरता. उद्या दात काढायचा झाला तर नवा अर्ज.

"आणि मी मेल्यावर?" रत्नव्वानं विचारलं.

"तेव्हा जे कोणी असेल त्यांनी अर्ज करायचा," साहेब म्हणाले आणि पुढचा विषय घेतला.

रिक्षात गुरुसिद्ध बराच वेळ बाहेर बघत होता. वाटेत भेटलेल्या कुणालाही त्यानं हात जोडले नाहीत. भवानी मंडपाच्या अलीकडं रिक्षा गर्दीत अडकली तेव्हा तो म्हणाला, "अव्वा, सिद्धू चुकला?"

"न्हाय रं," रत्नव्वा म्हणाली. "अव्वा चुकली." तिनं पदरानं त्याच्या कपाळावरची घामात उतरलेली विभूती पुसली. घरी गेल्यावर न्हाणीची कडी तिनं काढली नाही, काढून चालणारच नव्हतं. पण टॉवेल तिनं दोरीवर टाकला तो तिथंच राहू दिला.

*

सोमवारी खिडकीतल्या त्याच बाईनं दाखला दोनदा वाचला, शिक्का उजेडाकडं धरून बघितला आणि फॉर्म दिला. रत्नव्वानं पालकाच्या रकान्यात सही केली. आत वॉर्डात डॉक्टर आला, त्यानं कागद बघितला आणि त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला.

"उद्या सकाळी पहिलंच घेतो, मावशी. रात्री दहानंतर पाणीसुद्धा देऊ नका त्याला. बेशुद्ध करून चार छोटी भोकं पाडायची, पिशवी काढायची. तास-दीड तास."

"मला काय सांगालासा? त्येला सांगा."

डॉक्टरला वाटलं, त्यानं चुकीचं ऐकलं. "त्याला काय कळणार? आता तुमची सही झाली ना."

"सही माजी घेतलासा. प्वाट त्येचं हाय. जेवढं कळंल तेवढं कळू दे."

"मावशी, मला अजून बावीस पेशंट बघायचेत."

"मग लौकर सुरू करा की."

डॉक्टरनं घड्याळ बघितलं. दाराकडं बघितलं. दारात रत्नव्वा उभी होती, आणि ती काय चीज आहे हे या दोन महिन्यांत त्याला कळून चुकलं होतं. त्यानं स्टूल ओढलं आणि पलंगाजवळ बसला.

"गुरुसिद्ध."

गुरुसिद्धनं पाठ ताठ केली, हात गुडघ्यावर ठेवले. रत्नव्वा पुढं झाली आणि तिनं ते हात गुडघ्यावरून उचलून मोकळे सोडले. "पावणं न्हाईत ही," ती म्हणाली. "ऐक नुसतं."

"तुझं पोट दुखतं ना? इथं?" डॉक्टरनं बरगडीखाली बोट ठेवलं. गुरुसिद्ध मागं सरला. "तिथं आत खडे आहेत. बारीक दगड. उद्या मी तुला झोपवणार, आणि ते काढून टाकणार. मग तू उठशील."

गुरुसिद्ध पोटाकडं बघत होता. शर्टाचं खालचं बटण त्यानं काढलं, पुन्हा लावलं. त्याला शिकवलेल्या उत्तरांत यातलं काहीच नव्हतं. दोनदा त्याचं तोंड उघडलं आणि मिटलं.

"दुखंल?" त्यानं विचारलं.

डॉक्टरनं वर रत्नव्वाकडं बघितलं.

"माज्याकडं काय बघतासा?" ती म्हणाली. "त्येनं इचारलंय."

"दुखेल," डॉक्टर गुरुसिद्धला म्हणाला. "उठल्यावर दोन-तीन दिवस दुखेल. मग कमी होईल. करू या?"

गुरुसिद्धनं मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते रत्नव्वालाही सांगता आलं नसतं. डॉक्टरनं स्टूल आणखी पुढं घेतलं आणि वाकून पुन्हा विचारलं.